जॉर्जचं वल्हं

रेवदंड्याला आगबोट काठाला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात धूर सोडत उभी राहायची आणि उतारूंना पडावात, म्हणजे लहान होडीत, बसवून तिच्यापर्यंत न्यायचे. मी गाव सोडलं त्या सकाळी पडाववाला तयारीत बसला होता. अब्बांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "माजा पोर हाय, मीच नेनार," एवढंच म्हणाले आणि घरून आणलेलं स्वतःचं वल्हं घेऊन त्याच्या जागी बसले. पडाववाला बापडा आपल्याच पडावात उतारू होऊन बसला.

अम्मा गुडघाभर पाण्यापर्यंत आली. आमसुलं, सुकट, तांदळाचं पीठ सगळं तिने ट्रंकेत आधीच कोंबलं होतं, तरी "काय ऱ्हायलं तर न्हाय ना?" हे चाललंच होतं. धाकटा भाऊ यूसुफ ट्रंक खांद्यावर घेऊन माझ्यामागे चढला. तो तेव्हा होड्यांच्या कामावर सुतारकी करत होता. माझ्यासाठी त्याने एक डवला केला होता. नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केलेली आणि तिला सागाचा लांब दांडा. मी जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून चाललो होतो, आणि विलायती डवल्याने ढवळलं तर आपल्या कालवणाला चव येत नाही असं यूसुफचं ठाम मत होतं. विलायती डवला त्याने जन्मात पाहिला नव्हता.

 आगबोटीची शिडी हाताला लागली तेव्हा अब्बा म्हणाले, "इब्राहीम, तिकडं लोक लय बोलतील. तू आदी वल्हं मांड, मंग तोंड उघड."

आमच्या आळीत वाढलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण मला हे लिहायला लावलं ते गावकऱ्यांनी मुंबईत मिळून घेतलेल्या जमातीच्या खोलीतल्या मंडळींनी, आणि त्यातले निम्मे डोंगरीत जन्मलेले. त्यांच्यासाठी सांगतो. वादळात एखादा मचवा परतला नाही की मशिदीच्या अंगणात माणसं जमायची. शोधायला बोट पाठवायची की नाही हे तिथं ठरे. पाठवावी असं ज्याचं म्हणणं असेल त्याने आधी घरी जाऊन आपलं वल्हं आणायचं आणि सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर मांडायचं. ज्याचं वल्हं, तो बोटीत. वल्हं न मांडता कुणी कितीही कळवळून बोललं तरी त्याला उत्तर मिळत नसे. वल्हं न्हाय त्याला बोल न्हाय, असा आमच्याकडचा कायदाच होता.

एकदा पलीकडच्या कोळीवाड्यातला मचवा वादळात सापडला. आमच्यातले एक हाजीसाब, लाकडाचे व्यापारी, असे काही बोलले की अंगणातल्या निम्म्या लोकांचे डोळे भरून आले. शेजारधर्म, माणुसकी, सगळं आलं त्यात. ते थांबल्यावर एका म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, "हाजीसाब, तुमचं वल्हं कुटं हाय?" हाजीसाबांनी रुमालाने मान पुसली. तेवढ्यात अब्बा मुकाट्याने उठून घरी गेले आणि वल्हं घेऊन आले. त्यांच्यामागून आणखी काही जण उठले. मचवा मिळाला नाही, पण माणसं मिळाली. पुढे कित्येक वर्षं त्या घरांतून आमच्याकडे पहिली सुरमई यायची.

तर असं शिकून मी जगात निघालो. काही वर्षं बंदरामागून बंदरं केली. मग एकदा वेल्समधल्या कार्डिफ बंदरात जहाजाच्या शिडीवरून घसरलो, पाय मोडला, आणि जहाज मला तिथंच सोडून पुढं गेलं. इस्पितळातून बाहेर आलो तेव्हा हातात काठी, ट्रंक आणि यूसुफचा डवला. मिसेस मॉर्गन नावाच्या विधवा बाईंचं खलाशांसाठी बोर्डिंग हाऊस होतं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाव भाजता येतो?" मी म्हटलं, येतो. खरं म्हणजे तोवर मी पाव फक्त खाल्ला होता. पहिला घाणा दगडासारखा निघाला. बाईंनी तो सूपमध्ये बुडवून खाल्ला, आणि मी त्या घरचा झालो.

या मातीत मला आपलं असं काही दिसायला वर्षं लागली. आपली खाडी भरतीला गढूळ होते आणि ओहोटीला निवळते. इथलं पाणी कोळशाने बारमाही काळं. तिकडे अम्मा माशाच्या वासावरून वार सांगायची, इथं कॉड मासा रोज तोच आणि तसाच. पण हळूहळू गोडी लागली. शनिवारी माझ्या किचनमधून मसाल्याचा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे नॉर्वेचे खलाशी जिन्यात येऊन बसायचे. मिसेस मॉर्गन आधी खिडक्या उघडायच्या, नंतर नंतर बंद करायला लागल्या, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

शेजारी जॉर्ज राहायचा. त्याचं काम कोळशाचं. धक्क्यावरून जहाजाच्या पोटात कोळसा ओततात, तो आत शिरून फावड्याने सारखा पसरायचा, म्हणजे जहाज कलंडत नाही. दिवसभर त्या अंधाऱ्या पोटात धूळ खाऊन तो बाहेर आला की नुसते डोळे आणि दात दिसायचे. पहिल्या भेटीत माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझा रंग पक्का आहे, माझा धुतला की जातो." मी हसलो. या शहरात माझ्या रंगावरून बरंच ऐकून झालं होतं, पण स्वतःचा रंग त्यात घालून बोलणारा हा पहिलाच. त्या दिवसापासून आमची चहाची किटली एक झाली.

यूसुफही तोवर गाव सोडून एडनला गेला होता, आणि तिथून जिबूतीच्या रेल्वेने ॲबिसिनियाच्या राजधानीत, आदिस अबाबात. ॲबिसिनिया म्हणजे आपलं हबसाण. मुरुडच्या हबशी नवाबांमुळे हे नाव आपल्याला शेजारच्या गावाइतकं ओळखीचं, म्हणून अम्मालाही तो फार लांब गेला असं वाटत नव्हतं. तिथं तो दारं-खिडक्या करायचा. कळवायचा की इथली हवा महाबळेश्वरसारखी आहे. महाबळेश्वरही त्याने पाहिलं नव्हतं.

पस्तीस सालच्या पावसाळ्यानंतर इटलीने हबसाणावर फौज घातली. विमानं, तोफा, सगळं.  भाऊ तिकडे रंधा मारत बसलेला आणि मी इकडे बटाटे सोलत. करणार काय?

पण बघतो तर सगळं कार्डिफ पेटून उठलेलं. चॅपलमध्ये प्रार्थना, पबमध्ये हबशांच्या राजाच्या नावाने ग्लास वर. नकाशात जो देश काल कुणी दाखवू शकला नसता, त्याच्यासाठी आज बायका डोळे पुसत होत्या. मला इतकं भरून आलं की काय सांगू. हेही खरं, की आमच्या रस्त्यावर वीस वर्षं आईस्क्रीम विकणाऱ्या इटालियन म्हाताऱ्याच्या काचेवर कुणीतरी चिखल फेकला. त्याच्या मुलुखाचं सरकार लांब होतं, त्याची काच जवळ होती. मी आणि जॉर्जने ती धुतली. म्हाताऱ्याने आम्हाला वेफर दिले.

त्याच सुमारास इकडची निवडणूक आली. प्रत्येक उमेदवार हबसाणाच्या बाजूने. कुणी म्हणे मी जास्त, कुणी म्हणे मी त्याहून जास्त. एके दिवशी मिसेस मॉर्गन म्हणाल्या, "संध्याकाळी हॉलमध्ये सभा आहे. ॲबिसिनियाचं काय करायचं ते तिथं ठरणार आहे. तुझा भाऊ तिकडे आहे, तू यायलाच हवं."

ठरणार आहे, असं त्या म्हणाल्या आणि मी ते खरं धरलं. अंगणात जमतात, ठरवतात, वल्हं मांडतात, एवढंच मला ठाऊक. माझ्याकडे वल्हं नव्हतं. पण जे काही पाठवायचं असेल, जहाज म्हणा, औषधांची बोट म्हणा, तिच्यावर भंडारी लागणारच की! मी यूसुफचा डवला धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत मारून सभेला गेलो.

हॉल खच्चून भरलेला. उमेदवार मोठा देखणा आणि त्याचा आवाज त्याहून देखणा. त्याने विचारलं, "या दुबळ्या देशाच्या पाठीशी कोण कोण उभं आहे?" झाडून सगळे हात वर गेले.  मी उठलो, काठी टेकत मधल्या वाटेने पुढं गेलो, कागद सोडला आणि डवला व्यासपीठावर त्याच्या पायांशी मांडला. मग मागे वळून बघितलं, आता कोण कोण उठतंय म्हणून.

कुणीच उठलं नाही. कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग जो हशा पिकला तो हॉलच्या छतापर्यंत. उमेदवार हुशार. त्याने डवला उचलून उंच धरला आणि म्हणाला, "बघा! आपल्या साम्राज्यातला गरीब स्वयंपाकीसुद्धा आपली चमची घेऊन आपल्या बाजूने उभा आहे!" टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या संपल्या तेव्हा डवला त्याच्या कुठल्यातरी माणसाच्या हातात होता. तो मला परत मिळाला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

हसणाऱ्यांत जॉर्जही होता. पण घरी येताना त्याने विचारलं, "ते काय होतं, अब्राहम?" तो मला अब्राहमच म्हणतो. मी त्याला अंगण सांगितलं, हाजीसाब सांगितले, अब्बा सांगितले.  दारात पोचल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तू खरंच जायला निघाला होतास?" मी म्हटलं, "मग काय? भाकऱ्या भाजायला नको का कुणी?" यावर तो हसला नाही.

मी मत दिलं. आपल्याकडे मताला जमिनीचा सारा लागे, इथं नुसतं राहिलं की झालं. अब्बांच्या सात पिढ्यांत कुणी न केलेली गोष्ट मी एका लंगड्या पायाने चालत जाऊन केली, आणि त्याच देखण्या माणसाला मत दिलं. तो निवडून आला. त्याचा पक्षही आला.

नाताळ जवळ आला होता, सगळीकडे कागदी झिरमिळ्या. तेवढ्यात बातमी फुटली की इथल्या परराष्ट्रमंत्र्याने आतल्या आत भलताच सौदा केलाय, हबसाणाचा मोठा लचका तोडून इटलीला द्यायचा. बोलाचीच कढी निघाली! पण मग जे झालं ते मी विसरणार नाही. ज्यांनी हात वर केले होते ते चिडले. जॉर्जने आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं, चॅपलच्या बायकांनी लिहिली, सगळ्या देशातून ढिगाने गेली, आणि मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडे तलाठ्याची बदली करायची तर दोन वर्षं खेटे घालावे लागतात! मला वाटलं, या लोकांच्या रागात केवढी ताकद आहे. आता यूसुफला भीती नाही.

पण राग ताजा असतो तोवरच असतो. सरकारने इटलीशी व्यापारावर निर्बंध घातले होते. त्या रागाने इटलीने इथला कोळसा घेणं तोडलं. धक्क्यावर त्यांची जहाजं यायची थांबली आणि जॉर्जसारख्यांचे हात रिकामे झाले. इटलीला जाणारं तेल मात्र बंद झालं नाही, कारण तेल तोडलं तर लढाई होईल, आणि लढाई कुणालाच नको होती. लोकांना दोन्ही हवं होतं. हबसाण वाचायला हवं आणि आपलं काही जायला नको. सरकारनेही दोन्हींचा थोडाथोडा देखावा केला. वारा येईल तशी पाठ द्यायची, ही विद्या सरकारला कुणी शिकवावी लागत नाही. सभेत ज्याला टाळी पडे, तेच थोड्या दिवसांनी सरकार गंभीर तोंड करून बोले. यूसुफच्या डोक्यावर विमान येणार की नाही ते कार्डिफच्या टाळीवर ठरत होतं, आणि टाळी वाजवणाऱ्या भल्या माणसांच्या ते गावीही नव्हतं.

वसंत आला तेव्हा तिकडून विषारी वायूच्या बातम्या यायला लागल्या होत्या. यूसुफची पत्रं थांबली. आणि त्याच हॉलमध्ये त्याच माणसाची पुन्हा सभा झाली. मी डवल्याशिवाय गेलो. आवाज तसाच देखणा होता. म्हणाला, आपण आपलं कर्तव्य केलं. आपला एकही मुलगा मरू दिला नाही. पण दूरच्या भांडणापायी वेल्सच्या कामगाराने किती दिवस उपाशी राहायचं? हे निर्बंध उठवायला हवेत असं कुणाकुणाला वाटतं?

तेच हात वर गेले. मी ओळखत होतो ते हात. त्यातल्या कितीतरींना मी चहा दिला होता. माझ्या शेजारी मिसेस मॉर्गन बसल्या होत्या, त्यांचाही हात वर गेला, माझ्याकडे न बघता. मी खाली मान घालून काठीची मूठ बघत राहिलो. यूसुफ गेला, एवढं एकच डोक्यात.

तेवढ्यात मागून जड बुटांचा आवाज आला. जॉर्ज मधल्या वाटेने पुढं येत होता आणि त्याच्या खांद्यावर कोळशाचं फावडं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काम गेलेला माणूस आहे, आता हा आपली कैफियत सांगेल. त्याने फावडं व्यासपीठावर मांडलं, अगदी सावकाश, आवाज न करता.

"हे हिवाळाभर रिकामं आहे," तो म्हणाला. "माझा वाटा मी असा मांडलाय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. माझं नाव पुढं करून त्या लोकांना सोडून देऊ नका. उपाशी मी आहे. मी तक्रार केलेली नाही."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या बाजूने कुणीतरी "खाली बस" ओरडलं, एकदोघांनी हुर्यो केली. ठराव व्हायचा तो झालाच. जॉर्ज फावडं उचलून माझ्याशेजारी येऊन बसला. त्याच्या बाहीला कोळशाचा वास येत होता. मला रडू आवरेना. आईबाप, भाऊ, गाव सगळं सोडून मी या परक्या मुलुखात आलो होतो, आणि इथं कुणीतरी माझ्या भावासाठी वल्हं मांडलं होतं. लोकांनो, खरं सांगतो, अम्माच्या कुशीतसुद्धा मला इतकं सुरक्षित वाटलं नसेल.

घरी आल्यावर मिसेस मॉर्गन किचनमध्ये माझ्यासमोर बसल्या. त्यांची दोन्ही मुलं मागच्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आली. दोघांचे फोटो दिवाणखान्यात आहेत, मी रोज त्यांची धूळ पुसतो. त्या म्हणाल्या, "मी हात वर करणारच होते, इब्राहीम. दुसऱ्या कुणाची मुलं पाठवा असं मला म्हणवत नाही." मी म्हटलं, "बाई, मला कळतं." आणि मला खरंच कळत होतं. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून एक चावी काढून टेबलावर ठेवली. वरच्या मजल्यावरची मुलांची खोली, जी त्या कधी कुणाला भाड्याने देत नसत. "तो आला तर इथं राहील," म्हणाल्या. जॉर्जच्या भाषणानंतर बाई आपलं वल्हं शोधत घरी आल्या होत्या.

थोड्याच दिवसांत राजधानी पडली. शहराला आगी लागल्याचं, लुटालूट झाल्याचं वर्तमानपत्रांत आलं. मी कणीक मळायचो आणि मळतच राहायचो. मिसेस मॉर्गन हातातून परात काढून घ्यायच्या. जॉर्ज रोज संध्याकाळी यायचा, किटली ठेवायचा. अशी वाट बघितली. मग एडनहून यूसुफच्या हातचं पाकीट आलं. मी खुर्चीवर बसून ते उघडलं.

आगी लागल्या तेव्हा शेजारचा एक हबशी शिंपी यूसुफला गल्लीबोळांतून इंग्रज वकिलातीच्या फाटकापर्यंत घेऊन गेला होता. फाटकावर आपल्याकडचे पंजाबी शिपाई. आत शेकडो माणसं, कितीतरी हिंदी व्यापारी, कारागीर. यूसुफला आत घेतलं. शिंप्याला घेतलं नाही. तो मागे वळून धुरात गेला आणि पुढे त्याचं काय झालं ते यूसुफला आजही माहीत नाही. ज्या सरकारने तो देश वाऱ्यावर सोडला त्याच सरकारच्या फाटकाने माझा भाऊ वाचवला. त्या फाटकाचा मी ऋणी आहे आणि त्या शिंप्याचाही. पण शिंप्याचं ऋण फेडायला मी कुठं जाऊ ते मला कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी रोज दुआ मागतो. गावच्या मशिदीतही कुणी मागावी, ही विनंती.

यूसुफ एडनहून घरी गेला. अम्माने त्याला महिनाभर अंगणाबाहेर सोडलं नाही म्हणतात. पुढच्या वर्षी तो जहाजावर मिस्त्री म्हणून लागला आणि एका धुक्याच्या सकाळी बोर्डिंग हाऊसच्या दारात उभा राहिला. अंगाने वाळलेला, कानाजवळचे केस पांढरे, आणि खांद्यावर हे एवढं लांब वल्हं. सगळ्या धक्क्यावर पोरंटोरं त्याच्या मागे लागली होती. जहाजावरच्या सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, म्हणे वाटेत रोज विचारलं, "मिस्त्री, एंजिन बंद पडलं तर तू वल्हवत नेणार काय?"

मी वल्हं ओळखलं. मुठीजवळ अब्बांच्या अंगठ्याने खोलगट झालेली जागा होती. मला आगबोटीच्या शिडीजवळची ती सकाळ आठवली.

"अब्बा?" मी घाबरून विचारलं.

"बरं हायत," यूसुफ हसला. "दुसरं वल्हं करून घेतलंय माज्याकडून. ह्ये तुज्यासाटी न्हाय. तुजा जॉर्ज कुटं हाय?"

मी सभेची सगळी हकीगत घरी कळवली होती. ती अंगणात वाचली गेली. ऐकून अब्बा मुकाट्याने उठले, घरी गेले आणि वल्हं आणून मध्ये मांडलं. म्हणाले, "माज्या पोरासाटी त्या मानसानं मांडलं. आता ह्ये त्याचं. तो आपल्यातला." कुणी हरकत घेतली नाही. हाजीसाबांच्या मुलाने तर वल्ह्याला नवं तेल पाजलं.

जॉर्ज कामावरून आला तो काळाकुट्ट, डोळे आणि दात. इटलीची जहाजं पुन्हा यायला लागली होती, निर्बंध केव्हाच उठले होते. यूसुफने वल्हं त्याच्या हातात दिलं आणि मी मधे उभा राहून अब्बांचे शब्द इंग्रजीत सांगितले, जमले तेवढे. जॉर्जने वल्हं उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, "पण माझ्याकडे बोट नाही."

"बोट गावाची असते," यूसुफ म्हणाला. "वल्हं ज्याचं त्याचं."

जॉर्जच्या चिमुकल्या घरात ते मावेना. शेवटी यूसुफने जिन्याच्या भिंतीला लाकडी खुंट्या ठोकून त्यावर ते आडवं बसवलं. आता जॉर्जची बायको जिना चढताना त्याला धरते. पण खिळा एकही मारलेला नाही. हवं तेव्हा उचलून काढता येतं. यूसुफचं जहाज कार्डिफला लागलं की तो वरच्या खोलीत झोपतो, मिसेस मॉर्गन त्याच्या उशाशी पाणी ठेवतात, आणि मी त्याने केलेल्या नव्या डवल्याने कालवण ढवळतो. बाईंना अजूनही तिखट लागतं. वाटी मात्र पुढं करतात.

तुम्ही विचारता, परत कधी येणार? येईन, इन्शाअल्ला. अम्माला एकदा डोळे भरून बघायचंय. पण घर कुठलं, असं विचाराल तर आता मला एका गावाचं नाव सांगता येत नाही. इथं त्या हॉलमध्ये आजही सभा भरतात आणि हात वर जातात. हात चांगल्या माणसांचे आहेत, मला त्यांचा राग नाही. पण माझं घर जॉर्जच्या जिन्यात आहे, मिसेस मॉर्गनच्या चावीत आहे, आणि आपल्या मशिदीच्या अंगणात, जिथं अब्बा बसतात त्या जागी आहे. या सगळ्यांना सांधणारी वाट मला दिली, यासाठी मी रोज शुक्र करतो.

एक सांगायचं राहिलं. जॉर्ज म्हणतो, एकदा तुझं गाव बघायचंय. माझ्यानंतरही कदाचित येईल. पडावातून उतरेल तो गोरा, उंच, खोकत असेल, त्याची भाषा तुम्हाला कळणार नाही. त्याला अंगणात बसवा. आणि वादळात कुणाचा मचवा अडकला असेल आणि तो उठून बोलायला लागला, तर कुणी विचारू नका, "तुमचं वल्हं कुटं हाय?" त्याने ते आधीच मांडलेलं आहे.